बाळसं धरू दे, मग ऑपरेशन?

पत्र असं आहे:

"मी खानापूर तालुक्यातली. सुनेला आठवा लागलाय. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात दोष दिसला, म्हणून बेळगावात पुन्हा खास तपासणी केली. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालीय म्हणे. बेंगळूरला नेऊन तिथंच बाळंतपण करा, पंधरा दिवसांच्या आत ऑपरेशन करावं लागेल, असं सांगितलंय. ऑपरेशनवेळी बाळाचं अंग गार करतात, हृदय बंद ठेवतात, रक्त यंत्रातून फिरवतात आणि मेंदूला थोडा धोका असतो, हे ऐकल्यापासून घरात कुणाला झोप नाही. माझे दीर म्हणतात, कोवळ्या जिवाला बर्फात ठेवणार, मेंदूच गेला तर जगून काय करायचं? बाळसं धरू दे, वर्षाचं होऊ दे, मग बघू. विहीणबाई म्हणतात, पहिलं बाळंतपण माहेरीच, चंदगडकडं. शिवाय भटजींनी एक चांगला दिवस काढून दिलाय, त्या दिवशी सिझेरियन करून घ्यावं असंही चाललंय. तुम्ही या मशीनवर काम केलंय म्हणून विचारते. मेंदू शाबूत राहतो का? थांबलं तर चालेल का?"

आक्का, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. थांबू नका. या दोषात थांबणं म्हणजे मेंदू वाचवणं नव्हे, उलट तो पणाला लावणं आहे. का, ते सविस्तर लिहितो, म्हणजे दिरांसमोर हा कागद ठेवता येईल.

पण माझी पायरी आधी सांगून टाकतो. मी डॉक्टर नव्हे. थिएटरमध्ये आम्हाला 'पंपवाले' म्हणायचे. सर्जन बाळाच्या हृदयाला हात घालतो, तेवढा वेळ हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम करणारं यंत्र चालवणारा तो पंपवाला. आधी मुंबईत, मग बेंगळुरात मी तेच केलं, आणि आता बेळगावच्या टिळकवाडीत बसून लोकांची पत्रं वाचतो. औषधाचं आणि उपचाराचं बाळाचे डॉक्टर म्हणतील तेच खरं. यंत्राच्या अलीकडे बसून जे दिसतं ते मात्र मला माहीत आहे.

या दोषात नेमकं काय होतं बघा. सीमाप्रश्न तापला की कर्नाटकाची बस कोगनोळी नाक्यापर्यंत येते आणि आपले प्रवासी घेऊन मागे फिरते. महाराष्ट्राची बस पलीकडूनच परत जाते. दोन्ही बसा पळतायत, डिझेल जळतंय, पण इकडचा माणूस तिकडे जात नाही. तुमच्या नातवंडाच्या हृदयात हेच झालंय. शरीरातलं काळसर रक्त फुप्फुसांत न जाता पुन्हा शरीरात, आणि फुप्फुसांतलं ताजं रक्त पुन्हा फुप्फुसांतच. बस बंद असल्या तरी काही माणसं पिशव्या घेऊन चालत हद्द ओलांडतात ना, तसं थोडं रक्त दोन चोरवाटांनी मिसळत राहतं. एक वाट हृदयाच्या वरच्या पडद्यातलं भोक, दुसरी दोन वाहिन्यांना जोडणारी एक नळी. पोटात असताना ही नळी सगळ्याच बाळांना असते आणि जन्मल्यावर थोड्या दिवसांत आपोआप मिटते. इतर बाळांचं त्यात काही बिघडत नाही. या बाळाची मात्र हद्दच बंद होते.

म्हणून जन्मल्याबरोबर प्रोस्टाग्लँडिन नावाच्या औषधाचं ठिबक लावून ती नळी उघडी ठेवतात. या औषधाने कधी कधी बाळ श्वास घ्यायलाच विसरतं, त्यामुळे ते घरी किंवा तालुक्याच्या दवाखान्यात देण्याची गोष्ट नाही. तेवढ्याने भागलं नाही तर मांडीच्या शिरेतून किंवा नाळेतून फुगा नेऊन पडद्यातलं भोक मोठं करतात. ही युक्ती विल्यम रॅशकिंड यांनी 1966 मध्ये अमेरिकेत काढली. ती आजही वापरतात.

आता 'बाळसं धरू दे' या म्हणण्याकडे येतो. हृदयाचा डावा कप्पा शरीरभर रक्त फेकायचं दमदार काम करणारा. पण या बाळात तो फुप्फुसांच्या वाहिनीला जोडलेला असतो. जन्मानंतर फुप्फुसांतला दाब उतरतो, आणि डाव्या कप्प्याला कष्टच उरत नाहीत. तालीम सोडलेल्या पैलवानासारखा तो आठवड्या-आठवड्याने ढिला पडत जातो. तीन-चार आठवड्यांनी त्याला एकदम शरीराचं ओझं उचलायला लावलं तर तो बसू शकतो. एवढ्यासाठी पहिल्या दोन आठवड्यांची घाई. वर्षभर थांबून हे ऑपरेशन सोपं होत नाही, बहुतेक वेळा ते हातचंच जातं.

आणि मेंदूचं काय? इथे दिरांना एक गोष्ट ठाऊक नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण आम्हाला स्वतःलाच ती उशिरा कळली. आम्ही समजत होतो, बाळाचा मेंदू चांगलाच असतो आणि धोका फक्त थिएटरमधल्या त्या चार-पाच तासांचा. मग ऑपरेशनआधीच बाळांचे एमआरआय काढायला सुरुवात झाली, आणि सर्जनचा हात लागायच्या आधीच पाचातल्या एका-दोघांच्या मेंदूत इजेच्या खुणा दिसू लागल्या. शिवाय पूर्ण दिवसांच्या बाळाचा मेंदू महिनाभर मागे असल्यासारखा कोवळा दिसला. कारण पोटातच आहे. एरवी आईकडून आलेलं ताजं रक्त बाळाच्या हृदयातून थेट मेंदूकडे वळतं. वाहिन्याच उलट्या, तर ते ताजं रक्त जातं फुप्फुसांकडे आणि मेंदूच्या वाट्याला येतं उरलंसुरलं. जन्मल्यावर निळ्या रक्तावर काढलेला एकेक दिवस त्यात भर घालतो. टोरांटोच्या डॉक्टरांनी अशाच बाळांवर नजर ठेवली होती. ज्यांचं ऑपरेशन दोन आठवड्यांच्या पुढे गेलं त्यांच्या मेंदूची वाढ मंदावलेली दिसली, आणि पुढे बोलण्यातही ती मुलं मागे पडली.

तेव्हा आक्का, मेंदूची राखण ऑपरेशनच्या टेबलावर सुरू होत नाही आणि तिथे संपतही नाही. ती तुमच्या घरात आजपासून सुरू आहे. या पत्रात मला मुख्य सांगायचंय ते हेच.

पहिलं म्हणजे बाळंतपण कुठे. चंदगड माझ्या आवडीचा मुलूख, विहीणबाईंचं मन मोडू नये हेही खरं, पण हे बाळंतपण तिथे नको. नाळ कापली की घड्याळ सुरू झालं. तिथून बाळ कुशीत घेऊन गाडीने बेंगळूर गाठायचं म्हणजे सगळी रात्र रस्त्यावर, आणि बाळ वाटेत निळं. दोष जन्माआधी कळला आणि जन्म हृदयाच्या दवाखान्याजवळ झाला, तर ऑपरेशनआधीची मेंदूची इजा कमी दिसते. पाचव्या महिन्यात तुम्हाला कळलं हे भाग्य समजा, कित्येकांना तिसऱ्या दिवशी बाळ काळंनिळं पडल्यावर कळतं. विहीणबाईंना सोबत न्या. माहेर बेंगळूरला नेता येतं. तिथे दोन बायका आळीपाळीने लागतीलच.

दुसरं, भटजींचा दिवस. या मुहूर्ताच्या सिझेरियनचा मला मनापासून राग आहे, हे कबूल करतो. ज्या बाळाचा मेंदू आधीच महिनाभर मागे आहे, त्याला आठ-पंधरा दिवस आधी बाहेर ओढून आणखी मागे का ढकलायचं? डॉक्टरांना दुसरं कारण दिसलं नाही, तर 39 आठवडे पुरे होऊ द्यावेत. पोटातला शेवटचा पंधरवडा हे मेंदूचं फुकटचं टॉनिक. हृदयाच्या या दोषापायी सिझेरियनच करावं लागतं असंही नाही, ते बाळंतपणाच्या डॉक्टरांवर सोडा.

आता 'बर्फात ठेवणार' याबद्दल. दीर अगदीच चुकीचं बोलत नाहीत. एके काळी डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या ठेवायचे, मी स्वतः ठेवल्या आहेत. अंग गार करण्यामागचा हिशोब साधा आहे. गारठ्यात मेंदूची भूक मंदावते. 18 अंशांपर्यंत उतरवलं तर ती पाचव्या हिश्श्याच्या आसपास येते, मग थोडा वेळ रक्त कमी मिळालं तरी पेशी तग धरतात. कॅनडाच्या बिगेलो यांनी 1950 च्या सुमारास हा मार्ग दाखवला, 1952 मध्ये अमेरिकेत एका पाच वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं भोक अंग गार करून बुजवलं गेलं, आणि 6 मे 1953 ला गिबन यांनी हृदय-फुप्फुसाचं यंत्र माणसावर यशस्वी चालवून दाखवलं. वाहिन्यांची अदलाबदल दुरुस्त करणारं तुमच्या बाळाचं ऑपरेशन ब्राझीलच्या जातेने यांनी 1975 मध्ये पहिल्यांदा यशस्वी केलं. म्हणजे ही वाट आता पन्नास वर्षांची मळलेली आहे.

त्या काळी बाळाला 18 अंशांवर नेऊन रक्ताभिसरण पूर्ण थांबवायचे. सर्जनला कोरडं, निवांत हृदय मिळायचं. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत घड्याळ बघत बसणं हे माझं काम होतं: तीस मिनिटं, पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस. बाळ शुद्धीवर आलं, हातपाय हलवले, की आम्ही चहा मागवायचो. तेवढ्यावर आमचं समाधान. बोस्टनमध्ये मात्र 1988 ते 1992 या काळात याच दोषाच्या 171 बाळांना दोन गटांत वाटलं. एका गटाचं रक्त थांबवलं, दुसऱ्याचं यंत्राने मंद गतीने चालू ठेवलं. आणि मग ती मुलं शाळेत जाईपर्यंत, सोळा वर्षांची होईपर्यंत त्यांच्या मागे राहिले. रक्त थांबवलेल्या गटात झटके जास्त आले, वर्षाच्या वयाला हालचाल मागे राहिली. आठ वर्षांच्या वयाला बघितलं तर थांबण्याचा वेळ साधारण 41 मिनिटांच्या पुढे गेला की नुकसान वाढत गेलेलं दिसलं. तेव्हापासून जगभर सवय बदलली. आज या ऑपरेशनात बऱ्याच केंद्रांत 25 ते 32 अंशांच्या दरम्यानच गार करतात आणि रक्त फिरतं ठेवतात. थांबवायची वेळ आलीच तर ती मोजकी.

थिएटरमध्ये काय चालतं ते थोडं जवळून दाखवतो, भीती त्याने कमी होते असा माझा अनुभव आहे. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं अडीचशे मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे चहाचे दोन-अडीच कप. आमच्या नळ्या भरायलाच जवळपास तेवढं लागतं. नुसत्या सलाइनने भरल्या तर बाळाचं रक्त पाण्यासारखं होईल, म्हणून रक्तपेढीचं ताजं रक्त घालतात. रक्त फार पातळ झालेली बाळं वर्षाच्या वयाला हालचालीत मागे राहतात हेही मोजून झालंय. (रक्तदात्यांची सोय आधीच करून ठेवा, हे इथेच लिहून ठेवतो.) गार करताना रक्तातला कर्बवायू मुद्दाम थोडा चढा ठेवतात, त्याने मेंदूच्या वाहिन्या सैल राहतात आणि गारवा आतपर्यंत पोचतो. परत गरम करताना घाई करायची नाही. गार बाळ बघून जीव कासावीस होतो, पण तापलेला मेंदू गारठलेल्या मेंदूपेक्षा वाईट.

आणि कपाळावरची पट्टी. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते म्हणतात ना, बरोबर त्या जागेवर, भुवयांच्या वर, डावीकडे-उजवीकडे दोन चिकटपट्ट्या लावतात. त्यांतून निघणारा, लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कवटीतून आत जातो आणि मेंदूतल्या रक्तात प्राणवायू किती उरलाय ते पडद्यावर आकड्यात दाखवतो. एकदा असंच एक बाळ होतं, आकडा साठच्या पुढे छान चालला होता आणि एका बाजूचा एकदम उतरायला लागला. पंपाचा प्रवाह ठीक, दाब ठीक, रक्त ठीक. सर्जनने हात थांबवला. भूलतज्ज्ञ मॅडमनी चादरीखाली हात घालून बघितलं, तर मान किंचित एका बाजूला कलंडली होती. त्यांनी ती दोन बोटांनी सरळ केली आणि आकडा परत चढू लागला. पट्टी नसती तर त्या अर्ध्या तासाचा हिशोब आम्हाला कधीच कळला नसता. सटवाईचं लिहिणं कुणाला वाचता येत नाही, हे निदान वाचता येतं. तुम्ही फक्त एवढं करा, त्या दिवशी कपाळावर काजळाची तीट लावू नका, पट्टी चिकटत नाही. दृष्टीची फारच धास्ती असेल तर नर्सला विचारून तळपायाला लावा.

टाळूची गोष्टही अशीच. तुम्ही टाळूवर तेल घालायच्या तयारीत असाल. डॉक्टरांना ती टाळू दुसऱ्याच कामाला हवी असते. ती खिडकी आहे. तिथून सोनोग्राफी करून मेंदूत रक्तस्राव नाही ना, पाणी साचलं नाही ना, हे बाळाला न हलवता बघता येतं. तेलाचं नंतर बघू.

ऑपरेशन झालं की घरचे सगळे सुटकेचा श्वास टाकतात. मेंदूच्या दृष्टीने पुढचे दोन दिवस तितकेच नाजूक. हृदय नव्या जोडणीला सरावत असतं, रक्तदाब खालीवर होतो. ताप येऊ देत नाहीत, साखर बघतात. आणि झटके! नवजात बाळाचा झटका पिक्चरमधल्यासारखा नसतो. औषधांनी गुंगलेल्या बाळात तो बाहेरून दिसतही नाही, डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला तरच सापडतो. तो आलेख काढतात का, हे विचारा. कपाळाच्या पट्ट्यांचं विचारा, रक्त थांबवणार की फिरतं ठेवणार ते विचारा, आणि अशी नवजात बाळांची किती ऑपरेशनं वर्षाला तिथे होतात तेही. हाताला सराव असलेल्या ठिकाणी शंभरातली पंच्याण्णवपेक्षा जास्त बाळं या ऑपरेशनातून सुखरूप घरी जातात. विचारायला लाजू नका. चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही, आणि रागावला तर तेही कळलेलं बरं.

व्हॉट्सॲपवर भुलेबद्दलचा एक मजकूर फिरतो, तोही तुमच्यापर्यंत पोचेल. तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांपेक्षा जास्त किंवा वारंवार भूल दिली तर मेंदूवर परिणाम होऊ शकतो, अशी सूचना अमेरिकेच्या औषध खात्याने 2016 मध्ये दिली, हे खरं आहे. पण गरजेचं ऑपरेशन त्यापायी लांबवू नका, असंही तिथेच सांगितलं होतं. मजकूर पुढे ढकलणारे तेवढंच गाळतात.

आयसीयूत तुम्हाला काचेतून बघावं लागेल. सुनेला मात्र रोज आत जाऊ द्या. चिकापासून दूध काढून द्यायला पहिल्या दिवसापासून सांगा. बाळाच्या तोंडात थेंब जात नसला तरी दूध साठवतात, आणि काढलं नाही तर आटतं. परवानगी मिळाली की बाळाला उघड्या छातीशी धरायचं. आईचा आवाज, वास, छातीचे ठोके हे त्या कोवळ्या मेंदूला मिळालेलं अन्नच. तिथल्या नर्सपैकी निम्म्या केरळच्या असतील, बाकीच्या कन्नड बोलतील, आणि संमतीचा कागद इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये. सही करण्याआधी 'मराठीत समजावून सांगणारं कुणी आहे का' असं ठामपणे म्हणा. बेळगावकडची एखादी सिस्टर हमखास निघते.

घरी आणल्यावर छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर काखेत धरून उचलायचं नाही, एक हात मानेखाली आणि एक ढुंगणाखाली. छातीवर तेल नको, शेक-धुरी नको, आणि बाळघुटी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बोटभरही नको. मालिशवाल्या मावशी ऐकणार नाहीत, तेव्हा दारातच उभं राहायचं काम तुमचं.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लांबलचक लिहितोय ती. मघाशी म्हटलं ना, बाळ हलायला लागलं की आम्ही चहा मागवायचो. त्या काळातला एक मुलगा मला बऱ्याच वर्षांनी भेटला. त्याच्या वडलांनीच ओळख दिली, एका लग्नात, पंगतीत शेजारी बसल्यावर. मुलगा धडधाकट, हसतमुख, मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. हृदयाची तक्रार नाही. वडील म्हणाले, "सगळं चांगलं झालं हो, पण शाळेत काही जमलं नाही. पाढे कधी पाठ झाले नाहीत, अक्षर किरटं, एका जागी बसायचा नाही. मास्तरांनी हातावर छड्या मारल्या, मीही मारल्या." बोस्टनच्या मुलांत नेमकं हेच दिसलं होतं. सरासरी बुद्धी इतर मुलांसारखीच, पण लक्ष टिकवणं, नजरेने जागेचा अंदाज घेणं, हाताची बारीक कामं यांत अडचण, आणि सोळा वर्षांची होईपर्यंत निम्म्याहून जास्त मुलांना शिकण्यात किंवा वागण्यात काही ना काही जादा मदत लागली होती. त्या दवाखान्यातून निघताना त्या बापाला कुणीही हे सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही, मी तर तिथेच उभा होतो. त्या छड्या मला अजून टोचतात.

म्हणून हृदयाची तपासणी चालू आहे एवढ्यावर थांबू नका. बाळाच्या वाढीची तपासणी वेगळी मागा. तीन-चार महिन्यांत मान धरली का, आठ महिन्यांपर्यंत बसलं का, दीड वर्षापर्यंत चाललं का, आवाजाकडे वळतं का, हे सगळं तारखेसह वहीत लिहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे. त्याखाली जिल्हा रुग्णालयात वाढीत मागे पडणाऱ्या बाळांसाठी लवकर उपचाराचं केंद्र चालवायचं असतं, त्याची बेळगावात चौकशी करा. शंका आली की 'बघू, काही मुलं उशिरा बोलतात' म्हणत वर्ष घालवू नका. व्यायाम, बोलण्याचे उपचार जितके लवकर, तितका मेंदू वळतो. शाळेत घालताना बाईंना ऑपरेशनचं सांगा. लपवू नका.

आपल्याकडे हमखास विचारतात म्हणून सांगतो: घरात मराठी आणि अंगणवाडीत कन्नड, याने अशा बाळाचा मेंदू गोंधळत नाही. दोन भाषा आपल्या सगळ्यांनाच जन्मापासून आहेत. बोलायला उशीर झाला तर कारण कान आणि मेंदूत शोधा, कन्नडमध्ये नको.

पैशांचं थोडक्यात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आजच आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेची चौकशी करा. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण सरकारी दवाखान्याची शिफारस चिठ्ठी लागते, ती बाळंतपणाच्या कळांत आणायला जाऊ नका. जन्मलेल्या बाळाचं नाव कार्डावर कसं चढवायचं तेही आधीच विचारा. महाराष्ट्राने सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले आरोग्य योजना 2023 मध्ये जाहीर केली, त्यावरून दोन्हीकडे भाषणं झाली. मिळत असेल तर घ्या, पण तिच्या भरवशावर दिवस घालवू नका. बेंगळुरात सरकारी जयदेव हृदयरोग संस्था आहे, व्हाइटफील्डला सत्य साईंचं मोफत रुग्णालय आहे. नवजात बाळाला जागा आहे का, हे दोन्हीकडे डॉक्टरांकरवी आत्ताच विचारून ठेवा.

दिवस भरायच्या दोन-तीन आठवडे आधीच तिकडे खोली घेऊन राहा. सोनोग्राफीच्या सीडी आणि सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी सामानाच्या बॅगेत न टाकता सुनेच्या हातात.

आणि भटजींना दुखवू नका. सिझेरियनचा दिवस नको म्हणा, पण बारशाचा त्यांच्याकडूनच काढून घ्या. फक्त बाराव्या दिवसाचा हट्ट नको, त्या दिवशी बाळ बहुतेक आयसीयूत असेल. दोन महिन्यांपुढचा बघायला सांगा, छातीचं हाडही तोवर जुळलेलं असेल. पाळण्यात घालताना पाच जणी उचलतात, त्यांना काखेत धरू देऊ नका.